आप्पा आज कुठं?

छावणी, औरंगाबाद
११ जानेवारी २०१६

शीलावहिनींना हनुमानचा नमस्कार.

चिठ्ठी बघून हसाल. दहावीला मराठीतच गेलेला माणूस पत्र लिहितोय. पण फोन केला की तो आप्पांच्या बंडीच्या खिशात वाजतो. आप्पा स्पीकर लावून सगळ्या तळाला ऐकवतात, जेवलास का विचारतात अन् जेवलो म्हणलं की कापतात. दादाच्या मोठ्या फोनला तुमच्या डोंगरात रेंज नाय. म्हणून ही चिठ्ठी दूधगाडीवाल्या बद्रीनाथच्या हातात देतोय. तो रोज सकाळी शहरात दूध उतरवतो अन् दुपारी तुमच्याकडं परत येतो.

मला काम लागलंय. आता कितवं ते मोजू नका. वाळूजची पॅकिंग झाली, माशांच्या काचपेट्यांचं दुकान झालं, बँडमध्ये तीन लग्नं झांजा वाजवल्या. हे तसलं नाय. इथं छावणीच्या बाजारात विश्वजीतदादांचं घोंगड्यांचं दुकान आहे. शेंद्र्याकडची जमीन कंपन्यांत गेली, तवा त्यांनी हे टाकलं. दुकानात गिऱ्हाईक कमी, सगळा माल फेसबुकवरून जातो. त्या पेजवर रोज फोटो टाकायचा अन् लोक जे लिहितील त्याला उत्तर द्यायचं, हे माझं काम. विश्वजीतदादा म्हणले, तू धनगराचा आहेस, तुझ्या तोंडून आलं की खरं वाटतं.

गुरुवारच्या बाजारात एक म्हातारा नुसती कुलपं विकत होता, एकाचीही चावी नाय. मी तासभर तिथंच उभा. लोक घेतही होते. असो.

मला फोटो पाहिजेत. आप्पांचे, मेंढरांचे, मायच्या चुलीचे. दादाच्या फोनमध्ये काढा, त्यातलं मेमरी कार्ड पाकिटात घालून बद्रीनाथकडं द्या. मी उतरवून घेतो अन् परत पाठवतो. एवढं करा.

हनुमान

*

२४ जानेवारी

हनुमान भावजी,

पत्र मिळालं. तुमच्या दादांना वाचून दाखवलं, ते कुलपांपाशी झोपले.

सिल्लोडच्या पलीकडं होतो तिथली कापूस वेचून झालेली पऱ्हाटी संपली. एका शेतात चार-चार कळप येऊन गेल्यावर तिथं काय राहणार. बारा दिवस नुसते चालत होतो. तीन मेंढ्यांनी कोकरं टाकली. आत्याबाईंचे पाय सुजलेत, पण त्या बसत नाहीत.

आता जरा थांबलोय. आप्पांना एक जागा घावली. खिंडीच्या आत दरा आहे, त्यात अजून हिवर-बोरीचा पाला आहे, थोडं हिरवं आहे. तोंडाशी आवडाबाई नावाच्या एकट्या बाईचं शेत आहे. तिच्या विहिरीला पाणी आहे. आम्ही तिच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत तिला, पाणी आपल्याला. असं ठरलंय. ती म्हणली, मी तुम्हाला देते, गावभर देऊ शकत नाय. आप्पांनी हिशेब घातलाय की एकशे दहा मेंढरं इथं पावसापर्यंत निघतील. तेवढी निघाली तर कळप राहिला, नायतर नाय. जागेचं नाव मी लिहीत नाय. आप्पांनी नको म्हणलंय.

कार्ड पाठवतेय. फोटो बरे आलेत का सांगा. आप्पा दगडावर बसलेत तो मीच काढला, त्यांना कळलं नाय. कळलं असतं तर पागोटं नीट केलं असतं.

शीला

*

छावणी
९ फेब्रुवारी २०१६

वहिनी,

तुम्ही काय फोटो काढलाय. दगडावरचा. एका दिवसात तीन हजार लोकांनी बघितला, मग आठ हजार, आता मोजायचं सोडलं. मुंबईचे, पुण्याचे, एक जण दुबईचा. लोक घोंगडी राहू द्या म्हणतात, आप्पा कसे आहेत ते सांगा.

विश्वजीतदादांनी नियम घालून दिलेत. फोटोखाली कायम प्रश्न टाकायचा, प्रश्न दिसला की माणूस थांबतो. अन् प्रत्येक कॉमेंटला तासाच्या आत उत्तर. म्हणजे लोकांना वाटतं पलीकडं माणूस आहे. आता एवढ्यांना कुठून नवीन लिहिणार. मी चार उत्तरं करून ठेवलीत, तीच आलटून-पालटून चिकटवतो. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार.' 'दरपत्रक इनबॉक्समध्ये पाठवलं आहे.' अशी. वाचायलाही वेळ नसतो, नाव बघायचं अन् चिकटवायचं. अंगठा सुजलाय. बँडमध्ये झांजा वाजवून नाय सुजला एवढा. एक बाई रोज सकाळी आप्पांना शुभ सकाळ लिहितात. त्यांना मात्र मी आप्पांच्या वतीनं लिहितो, आत्ताच चहा झाला म्हणून. बिचाऱ्या खूश होतात.

खरी गंमत पुढं. आम्ही खेळ काढला. 'ओळखा, आप्पा आज कुठं?' असा. दगडावरचाच फोटो, मागं दोन सुळके अन् मधली खिंड दिसते ना, तो. पहिल्या बरोबर उत्तराला लोकरीची टोपी. सहाशे बारा उत्तरं. कुणी भीमाशंकर म्हणतंय, कुणी राजस्थान. अन् सिल्लोडच्या एका पोरानं बरोबर ओळखलं, त्याच्या मामाचं गाव निघालं. गाव, खिंड, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं, सगळं लिहिलं त्यानं. मी लिहिलं, बरोबर, अभिनंदन. बघा, तुम्ही नाव लिहिलं नाय तरी लोकांनी हुडकलं. टोपी कालच पाठवली.

आता आठवड्याला एक खेळ करायचा म्हणतात. अजून फोटो द्या. मागं डोंगर नीट येऊ द्या.

इकडं पाणी सहा दिवसांआड येतंय. खोलीच्या मागं नवी बिल्डिंग चाललीय, तिच्या पिलरवर मात्र रोज पाईप सोडलेला असतो. मी बादली घेऊन जातो, वॉचमन ओळखीचा झालाय. जालन्याचा आहे, बासरी चांगली वाजवतो.

हनुमान

*

२७ फेब्रुवारी

हनुमान भावजी,

हे पत्र पोस्टानं येतंय. बद्रीनाथ आता आमच्याकडं येत नाय. का ते सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खिंडीतून एक कळप आत आला. मग दोन. आता सात आहेत. पहिला आला तो पुंजाराम म्हणून आहे, जाफराबादकडचा. मी विहिरीवर होते. तो हसत म्हणला, "तुमचा आप्पा तर मोबाइलवर बसलाय की, दगडावर." त्याचा पोरगा वाळूजला कंपनीत आहे. पोरानं मोबाइलवर बघितलं अन् बापाला फोन केला, की हिरवं आहे, अमुक फाट्यावरून वळा. बाकीच्यांचंही तसंच. बाप माळावर अन् पोरं शहरात.

पोरांचं काय चुकलं. त्यांचीही मेंढरं मरायला लागलीत.

माझं लग्न झालं त्या वर्षी मला एक गोष्ट खटकायची. रस्त्यात दुसरा धनगर भेटला अन् कुठून आलात विचारलं की आप्पा हात भलत्याच दिशेला करायचे. मला वाटायचं, देवभोळा माणूस अन् खोटं कसं बोलतो. मग कळलं की ते खोटं नसतं. विचारणारालाही माहीत असतं. चराई हीच एक गोष्ट विचारायची नसते अन् सांगायची नसते. तुम्ही तर त्या तळावर जन्मलात.

दरा आठ दिवसांत ओरबाडून झाला. विहिरीला आता सकाळी अर्धी घागर गाळ येतो. रविवारी मोटारसायकलवर चार जण आले, त्यांना आप्पांबरोबर फोटो काढायचा होता. आप्पांना वाटलं तलाठ्याची माणसं आहेत. ते उभे राहिले.

आप्पांनी डोकं लावलं की जागा बाहेर गेली ती बद्रीनाथच्या तोंडून. त्याच्याशिवाय इथं येतंय कोण. दूध घालायला बारा-पंधरा माणसं उभी होती, त्यांच्या देखत म्हणले, "तू सांगितलंस. माझ्या तळावरचं पाणी पिऊन सांगितलंस." बद्रीनाथ मागं फिरला. कॅन चढवले अन् गेला.

मी गप्प बसले. फोटो मी काढलाय. पण आप्पांना सांगायचं तुम्ही.

शीला

*

छावणी
१० मार्च २०१६

वहिनी,

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाय. पण मला एवढंच म्हणायचंय की ही पेजवरची माणसं काय धनगर थोडीच आहेत. एसीत झोपणारी, घोंगडी भिंतीला टांगणारी माणसं. त्यात कुणाचा बाप मेंढरं राखतो हे मला काय ठाऊक. वाळूजला मी स्वतः होतो, माझ्या लायनीत तिघं धनगराचे होते, हे लिहिताना आठवतंय. पण तवा नाय आठवलं.

खेळाची पोस्ट मी काढून टाकली, बाकीच्या राहू दिल्या. विश्वजीतदादा संध्याकाळी आले, बघितलं, एवढे लाईक असलेली पोस्ट कुणी काढतं का म्हणून तोंड सोडलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तोच फोटो परत टाकला. वर लिहिलं, आप्पा परत आले. लोक खूश.

आप्पांना आत्ता सांगून काय होणार? गेलेला पाला परत येतोय का? जरा थंड होऊ द्या. बद्रीनाथला मी इथं मोंढ्यात गाठायला गेलो होतो, पण वाटेत पैठण गेटला एक जण सापाच्या कातीचे पट्टे विकत होता, त्याच्याशी बोलत बसलो अन् गाडी निघून गेली. उद्या परत जाईन.

हनुमान

*

२ एप्रिल

भावजी,

आवडाबाईनं जा म्हणलं. तिचा राग नाय. ती रडत होती.

सिल्लोडच्या बाजारात चाळीस विकली. वीसेक वाटेत गेली. आप्पा प्रत्येकीला नावानं ओळखतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मी नावं लिहीत नाय. आता रस्त्याच्या कडेनं चाललोय, दक्षिणेला, तुमच्या शहराच्या अंगाला. कुठं जायचं ते आप्पांना कुणी विचारत नाय. त्यांना माहीत असतं तर ते बोलले असते.

सांगितलं का नाय आप्पांना, हे विचारायचंही मी सोडलंय. एकच विचारते. इतकी माणसं तुमच्या त्या पेजवर आहेत म्हणता. त्यात एकालाही रान नाय का?

उत्तर फुलंब्रीच्या पोस्टात ठेवायला सांगा. पुढच्या सोमवारपर्यंत तिथं पोचू.

शीला

*

छावणी
८ एप्रिल २०१६

तीर्थरूप आप्पा,

हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवतील. मधे थांबायचं नाय असं त्यांना सांगा.

खिंडीची जागा बद्रीनाथनं नाय सांगितली. मी सांगितली. तुमचा दगडावरचा फोटो मी फेसबुकवर टाकला, ओळखा म्हणलं, लोकांनी ओळखलं, अन् मी बरोबर म्हणलं. टोपीसाठी. वहिनींचा त्यात काही दोष नाय, त्यांनी फोटो माझ्या विश्वासावर दिला. मला कळून महिना झाला, रोज वाटायचं उद्या सांगू. दुसरं काहीतरी दिसायचं अन् मी तिकडं जायचो.

वहिनींनी विचारलं, एकालाही रान नाय का. मग मी सगळ्या कॉमेंटी वाचायला घेतल्या. पहिल्यापासून. तीन दिवस लागले. चार हजारांच्या वर आहेत. मी एवढ्या माणसांना उत्तरं दिली, पण वाचलं आत्ता.

त्यात १२ फेब्रुवारीची एक आहे. अपेक्षा नावाची पोरगी आहे, फुलंब्रीच्या अलीकडची. जसं आहे तसं लिहितो. "आमच्या रानात प्लॉट पाडलेत, दुष्काळात कुणी घेईना. वेडी बाभूळ माजलीय, शेंगा लागायला लागल्यात. बोअरला जनावरांपुरतं पाणी आहे. आजीच्या वाट्याचं तीन एकर अजून विकलेलं नाय, तिला त्यात मेंढरं बसवायचीत. आप्पा येतील का?"

त्याच्याखाली माझं उत्तर आहे. 'दरपत्रक इनबॉक्समध्ये पाठवलं आहे.'

१२ फेब्रुवारीला तुम्ही खिंडीतच होता आप्पा. एकशे दहा मेंढरं होती.

मी लगेच काळीपिवळी जीपमध्ये बसून तिच्याकडं गेलो. वाटेत कुठं उतरलो नाय. नानासाहेब म्हणून तिचे वडील, लक्ष्मीबाई आजी. पोरगी बारावीला आहे. मला बघून म्हणली, "मी बोलावलं होतं, तुम्ही मला घोंगडीचा भाव पाठवला." जागा अजून आहे. शेंगांचा खच पडलाय. आजी म्हणली, अजूनही या.

रस्ता वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवलाय. तो कुणाला दाखवू नका, असं मी लिहायला नको.

मी आता इथं थांबत नाय. ओळखीचा एक जण सुरतेला मांडववाल्याकडं नेतो म्हणलाय. तुमच्यासमोर यायचं तोंड नाय. महिनाअखेरीला निघतो.

हनुमान

*

लक्ष्मीबाईंचं रान, फुलंब्री
१९ एप्रिल

हनुमान भावजी,

पोचलो. एकोणपन्नास आहेत.

तुमचं पत्र मी न थांबता वाचलं. दगडाच्या फोटोचं आलं तवा आप्पांनी नुसती मान हलवली. त्यांना आतून कळलेलं होतं का काय, मला नाय सांगता येत. पण त्या पोरीचं बोलावणं अन् त्याखालचा तुमचा जबाब आला, तवा म्हणले थांब. परत वाच. मी परत वाचलं. म्हणले, "माणूस रानात बोलावतंय अन् हा भाव सांगतोय?" मग काठी उचलली अन् सबंध दिवस चालत राहिले.

इथं प्लॉटचे पांढरे दगड रोवलेत. मेंढरं त्यांना अंग घासत्यात. दगडावर नंबर आहेत, तुमचे दादा कळप कुठं आहे ते आता नंबरानं सांगत्यात. शेंगा खरंच लई आहेत. पहिल्या दिवशी मेंढरांनी डोकं वर केलं नाय.

आल्याबरोबर आप्पा लक्ष्मीबाईंपुढं जाऊन उभे राहिले. म्हणले, तुमचं बोलावणं आलं होतं, जबाब द्यायला उशीर झाला, चूक आमच्या घरातली आहे. नाव घेतलं नाय. त्या म्हणल्या, आधी मेंढरं बसवा. मग आप्पा फुलंब्रीच्या दूध केंद्रावर गेले. शहरात जाताना बद्रीनाथ तिथं थांबतो. चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच सांगतो म्हणून सगळ्यांच्या देखत माफी मागितली. बद्रीनाथ पत्रं न्यायला तयार झाला. तळावर मात्र येत नाय म्हणला, रस्त्यावर आणून द्या. आप्पा म्हणले बरोबर आहे त्याचं.

काल अपेक्षानं तिच्या मोबाइलवर तुमचं पेज दाखवलं. आप्पांनी स्वतःला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणले, हे खाली काय लिहिलंय ते वाच. ती वाचायला लागली. प्रत्येकापाशी आप्पा एकच विचारायचे, याला काय जबाब दिला. ती वाचायची, आपल्या प्रेमाबद्दल आभार. पुढचा. आपल्या प्रेमाबद्दल आभार. मग एका सांगलीकडच्या माणसाचं आलं. त्यानं लिहिलंय की माझे वडील मेंढरं राखायचे, दिवाळीत गेले, तुमच्यासारखेच दिसायचे, असंच बसायचे. त्याखाली तुम्ही दरपत्रक पाठवलंय. आप्पांनी मोबाइल तिच्या हातात उलटा ठेवला.

सकाळी मला बसवून हे लिहायला सांगितलं. त्यांचेच शब्द आहेत, मी घालत-काढत नाय.

सुरतेला जायचं नाय. त्या सगळ्या लोकांना जबाब द्यायचा. ज्याचं त्याला. वाचून. एक पण चिकटवायचा नाय.

मी म्हणलं, आप्पा, चार हजारांच्या वर माणसं आहेत.

ते म्हणले, "मग लागू दे तेवढे दिवस. झाले की तळावर ये म्हणावं. मधी नाय."

शीला